अमोनिया कुणाकडून घेतो, कुणाला देतो

नवसागर मराठी घरांना दोन कामांसाठी माहीत आहे. पहिले काम कल्हईचे. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवतो, तापलेल्या पितळेवर चिमूटभर नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवतो. नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो आणि बोळा जिथून फिरला तिथले काळपट पितळ पिवळेधमक उघडे पडते. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील वितळते, बोळ्यामागे पसरत जाते आणि भांडे आतून पांढरेशुभ्र होते. दुसरे काम सर्दीचे. नवसागर आणि विझवलेला चुना एकत्र करून बाटलीत भरायचे आणि नाक चोंदले, डोके जड झाले की हुंगायला द्यायचे. बूच काढताच जो वास थेट मस्तकात जातो, तो अमोनियाचा.

एकाच पुडीची ही दोन कामे रसायनशास्त्राच्या दृष्टीने परस्परविरुद्ध आहेत. चुन्याच्या संगतीत नवसागरातून आम्लारी बाहेर पडतो. तापल्या पितळेवर तोच नवसागर आम्लाचे काम करतो. शाळेत अमोनियाची ओळख एका ओळीत उरकली जाते: तांबडा लिटमस निळा करणारा वायू, म्हणजे आम्लारी. ओळ खरी आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर अमोनिया कळत नाही. आम्ल म्हणून वागायचे की आम्लारी म्हणून, हे तो समोर कोण आहे ते पाहून ठरवतो. हे एकदा नीट उमगले की मूत्रपिंडात, कोळंबीच्या तलावात आणि भाताच्या खाचरात एकच देवघेव चाललेली दिसू लागते.

आधी रेणू पाहू. अमोनियात नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन. त्याची ठेवण बुटक्या तिवईसारखी: तीन पायांना हायड्रोजन, माथ्यावर नायट्रोजन. त्या माथ्यावर इलेक्ट्रॉनांची एक जोडी कुणाशीही न बांधलेली, मोकळी असते. अमोनियाच्या स्वभावाचे मूळ या जोडीत आहे. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो प्रोटॉन, धन प्रभाराचा. असा प्रोटॉन जवळ आला की मोकळी जोडी त्याला पकडते आणि चार हायड्रोजनांचा अमोनियम आयन तयार होतो. पण पकडलेला प्रोटॉन कायमचा अडकत नाही. अमोनियापेक्षा जास्त ओढ असलेला कुणी भेटला, तर अमोनियम तो त्याच्या हवाली करतो. चुना भेटला तेव्हा नवसागरातल्या अमोनियमने हेच केले आणि मोकळा झालेला अमोनिया नाकात गेला.

अमोनिया पाण्यात सोडला तर तो पाण्याच्याच रेणूकडून प्रोटॉन घेऊ पाहतो. ज्या पाण्याचा प्रोटॉन गेला त्याचा हायड्रॉक्साइड आयन होतो, आणि लिटमस निळा पडतो तो त्यामुळे. मात्र पाणी प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. ०.१ मोलर द्रावणात शंभरातल्या जेमतेम एका अमोनियाला तो मिळतो. बाकीचे नव्याण्णव नुसते विरघळून बसलेले असतात. त्या द्रावणाचा सामू ११ च्या थोडा वर जातो, तर तितक्याच तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याचा १३ असतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाला वास नसतो आणि अमोनियाच्या बाटलीचे बूच उघडताच डोळ्यांत पाणी येते, याचेही कारण ते नव्याण्णव. डोळ्यातल्या ओलाव्यात ते शिरतात आणि तिथे पुन्हा हीच क्रिया सुरू होते. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची गळती झाली की तोंडावर ओले फडके धरायला सांगतात, तेही त्यामुळेच. एक लिटर पाणी साध्या तापमानाला सुमारे ७०० लिटर अमोनिया पोटात घेते, म्हणून नाकात शिरण्याआधी बराचसा फडक्यात अडकतो.

हा वायू शुद्ध रूपात पहिल्यांदा हाती आला इंग्लंडमध्ये, जोसेफ प्रिस्टलीच्या. कृती आपल्या सर्दीच्या बाटलीचीच: नवसागर आणि चुना एकत्र तापवायचा. पाण्यावर गोळा करायला गेले तर वायू विरघळून नाहीसा होतो, म्हणून प्रिस्टलीने तो पाऱ्यावर गोळा केला. १७७४ साली त्याने याची हकीकत छापली आणि या वायूला ‘अल्कधर्मी हवा’ म्हटले. मिठापासून काढलेली ‘आम्ल हवा’, म्हणजे आजचा हायड्रोजन क्लोराइड, त्याच्याकडे आधीपासून होती. दोन्ही एकत्र सोडल्या तेव्हा पांढरा ढग उठला आणि भांड्याच्या काचेवर नवसागर बसला. कल्हईच्या भट्टीवरचा पांढरा धूर आणि हा ढग एकच.

पुढची शंभराहून अधिक वर्षे एका चुकीच्या शोधात गेली. अमोनियाला अल्कधर्मी करणारे काहीतरी त्याच्या पोटात असणार, असे सगळे धरून चालले होते. फ्रान्सच्या बर्थोलेने १७८५ मध्ये त्यात फक्त नायट्रोजन आणि हायड्रोजन असल्याचे दाखवून दिले. तरीही हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये पोटॅश आणि सोड्यातून नवे धातू वेगळे काढल्यावर, या अल्कलींमध्ये ऑक्सिजन आहे तर अमोनियातही असलाच पाहिजे, असे मांडले. तो ऑक्सिजन कुणालाच सापडला नाही. मग १८८० च्या दशकात स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनिअसने व्याख्या दिली: पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. व्याख्या फार कामाची निघाली, पण अमोनियापाशी अडखळली. त्याच्याजवळ द्यायला हायड्रॉक्साइड नाहीच. तेव्हा अमोनिया आणि पाणी मिळून ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ नावाचा पदार्थ होतो आणि तो हायड्रॉक्साइड देतो, अशी सोय करण्यात आली. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर हे नाव आजही छापलेले असते. बाटलीत मात्र अमोनिया असतो, पाणी असते आणि थोडे आयन असतात. या नावाचा वेगळा रेणू त्यात सापडत नाही. मला ते नाव मुलांच्या पुस्तकांतून जावे असे मनापासून वाटते, कारण ते पुन्हा जुन्याच वाटेने, रेणूच्या पोटात काय आहे हे शोधायला पाठवते.

१९२३ मध्ये कोपनहेगनचा योहानेस ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचा थॉमस लाउरी यांनी एकमेकांवर अवलंबून न राहता एकच गोष्ट सांगितली. प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. व्याख्या एवढीच, पण तिने प्रश्नच बदलला. आम्लपणा हा पदार्थाच्या अंगचा गुण न राहता दोघांमधला व्यवहार झाला. अमोनियासमोर पाणी आम्ल ठरते, तेच पाणी हायड्रोजन क्लोराइडसमोर आम्लारी ठरते. आणि देणाऱ्याने दिले की तो घेऊ शकणारा होतो, घेणाऱ्याने घेतले की तो देऊ शकणारा होतो. अमोनिया आणि अमोनियम ही अशीच जोडी आहे.

कल्हईचा उलगडा आता सोपा आहे. साध्या तापमानाला नवसागरातला अमोनियम आपला प्रोटॉन घट्ट धरून असतो. पाण्यात विरघळवला तर तो अगदी थोडे प्रोटॉन सोडतो आणि द्रावणाचा सामू ५ च्या आसपास येतो. पण तापल्या धातूवर पडताच तो प्रोटॉन क्लोराइडकडे जातो. अमोनिया वेगळा होतो आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळा. हे तापलेले आम्ल पितळेवरचा तांब्या-जस्ताच्या ऑक्साइडचा थर खाते. अमोनियाही तापल्या तांब्याच्या ऑक्साइडमधला काही ऑक्सिजन ओढून घेतो. उरलेले दोन्ही वायू वर उठून थंड हवेत पुन्हा भेटतात आणि नवसागर होऊन धुरासारखे दिसतात. कथील उघड्या, स्वच्छ धातूलाच धरते, ऑक्साइडला नाही. म्हणून बोळा फिरवणे आणि कांडी टेकवणे यांत वेळ घालवून चालत नाही, हवेतला ऑक्सिजन पुन्हा थर चढवायला तयारच असतो.

अमोनिया स्वतः, अमोनियम न होता, आम्ल होऊ शकतो का? त्याच्याकडे तीन हायड्रोजन आहेत, तेव्हा एक प्रोटॉन द्यायला हरकत नसावी. पण पाणी हजर असेतोवर हे घडत नाही, कारण आम्ल म्हणून पाणी त्याच्यापेक्षा कितीतरी बलवान आहे. मागणारा आधी पाण्याकडेच जातो. अमोनियाचे हे रूप पाहायचे तर पाणी पुरते काढून टाकावे लागते.

हे काम अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १८९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. हॅमिल्टन केडी, एडवर्ड फ्रँकलिन आणि चार्ल्स क्राउस यांनी द्रवरूप अमोनिया हाच द्रावक म्हणून घेतला. बर्फाच्या यंत्रांसाठी तो तेव्हा बाजारात मिळू लागला होता. उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळणारा हा रंगहीन द्रव पाण्याशी अनेक बाबतींत मिळताजुळता आहे. पाण्याचे दोन रेणू आपसांत प्रोटॉन बदलतात, तसे अमोनियाचेही अगदी थोड्या प्रमाणात बदलतात. एकाचा अमोनियम होतो, दुसऱ्याचा अमाइड. म्हणजे या द्रवात अमोनियम हे आम्लाचे रूप आणि अमाइड हे आम्लारीचे. फ्रँकलिनने पुढे स्टॅनफर्डला जाऊन आयुष्यभर हाच विषय केला आणि पाण्याच्या रसायनशास्त्राच्या शेजारी अमोनियाचे एक पूर्ण रसायनशास्त्र मांडून दाखवले.

त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. द्रव अमोनियात फिनॉल्फ्थॅलिन हा आम्लारी ओळखणारा दर्शक टाकला तर तो रंगहीनच राहतो. ज्या पदार्थाला आपण आम्लारी म्हणून ओळखतो, त्यातच बुडूनही दर्शकाला काही जाणवत नाही, कारण इथे अमोनिया पाण्याच्या जागी आहे, उदासीन आहे. त्यात पोटॅशियम अमाइड घातले की द्रव लाल होतो. मग नवसागर टाकत जायचे. आम्ल-आम्लारीचे नेहमीचे अनुमापन व्हावे तसा एका क्षणी रंग जातो. मॅग्नेशियमचा तुकडा आम्लात विरघळून हायड्रोजन सोडतो, तसाच तो अमोनियम क्षाराच्या द्रव अमोनियातल्या द्रावणात विरघळतो. आपल्या व्हिनेगरमधले दुबळे असेटिक आम्ल इथे बलवान ठरते, कारण द्रावकच प्रोटॉनसाठी इतका आसुसलेला आहे की मागेल तितके त्याला द्यावे लागते.

या द्रवात सोडियमचा खडा टाकला तर गडद निळे द्रावण होते. ते थंडीत बराच काळ टिकते. लोखंडाच्या क्षाराचा कण पडला की मात्र निळाई हळूहळू ओसरते, हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि सोडियम अमाइड उरते. सोडियमने पाण्यातून हायड्रोजन सोडवावा तसा इथे अमोनियातून सोडवला आहे. अमोनियाने हायड्रोजन सोडल्याचा, म्हणजे त्याच्या आम्लपणाचा, हा सरळ पुरावा. या अमाइडची पुढची गोष्ट आपल्या देशापर्यंत येते. जर्मनीत कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली होती. १९०१ मध्ये योहानेस फ्लेगरने सोडियम अमाइड वापरून ती अधिक चांगल्या उताऱ्याने आणि कमी तापमानाला बनवण्याची रीत काढली. या कृत्रिम निळीपुढे बिहारच्या नीळमळ्यांचा धंदा कोसळला, मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेवर ढकलला आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला पोहोचले तेव्हा शेतकऱ्यांच्या तक्रारींत ही ओढाताण होती. इतिहासाला पुष्कळ कारणे असतात. त्यांतले एक छोटे कारण अमोनियाने सोडलेला प्रोटॉन हेही होते.

गिल्बर्ट लुईसने १९२३ मध्येच आणखी रुंद व्याख्या दिली: इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा तो आम्लारी, मग घेणारा प्रोटॉन असो वा दुसरे काही. अमोनिया तांब्याच्या आयनालाही आपली मोकळी जोडी देतो, म्हणून मोरचुदाच्या द्रावणात तो भरपूर घातला की गडद निळा रंग येतो. याच ओढीमुळे ताणाखाली असलेले पितळ अमोनियाच्या दमट हवेत तडकते. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यात फुटत. कारण कळायला १९२१ उजाडले: तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया. अमोनियाच्या शीतयंत्रांत पितळी जोड वापरू नयेत हा नियम त्याच जातीचा आहे.

आता एक आकडा लक्षात ठेवावा लागेल: ९.२५. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्यात सामू इतका असला की निम्मा अमोनिया असतो आणि निम्मा अमोनियम. सामू एकाने उतरला की अमोनियाचे अमोनियमशी प्रमाण दहापटीने घटते, चढला की दहापटीने वाढते. शरीरात आणि शेतात याचे महत्त्व फार आहे. प्रभार नसलेला अमोनिया पेशींच्या पडद्यातून सहज आरपार जातो आणि हवेत उडूनही जातो. अमोनियमला प्रभार आहे, त्याला ही मुभा नाही.

रक्ताचा सामू ७.४ असतो, म्हणजे तिथे शंभरात एक-दोनच रेणू अमोनिया असतात. आपल्या खाण्यातून, विशेषतः प्रथिनांतून, रोज आम्ल तयार होते. प्रौढ माणसात ते साधारण ७० मिलिमोल भरते. मूत्रपिंडाला ते बाहेर टाकायचे असते. पण लघवीचा सामू फार तर ४.५ पर्यंत उतरतो आणि अशा लघवीत मोकळे हायड्रोजन आयन लिटरमागे ०.०३ मिलिमोलच मावतात. नुसते तेवढ्यावर भागवायचे तर दिवसाला दोन हजार लिटरहून अधिक लघवी लागली असती. मूत्रपिंडाच्या पेशी म्हणून ग्लुटामिनपासून अमोनियम तयार करतात आणि लघवीत पाठवतात. शेवटच्या नलिकांत बाहेर फेकलेला प्रोटॉन तिथे आलेला अमोनिया पकडतो, अमोनियम होतो आणि परत मागे येऊ शकत नाही. काही भार फॉस्फेट उचलते. शरीरात आम्ल वाढले की मूत्रपिंड ही अमोनियमची निर्मिती अनेक पटींनी वाढवते.

यकृत निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला डॉक्टर लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध देतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. यकृत अमोनियाचा युरिया करेनासे झाले की अमोनिया मेंदूपर्यंत जातो आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागतो. लॅक्ट्युलोज पचत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याचे आम्ल करतात, आतड्यातला सामू उतरतो, तिथला अमोनिया अमोनियम होऊन अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. नातेवाइकांना हे निव्वळ पोट साफ करणारे औषध वाटते आणि रोग्याला जुलाब होतात म्हणून ते परस्पर बंद करण्याचा मोह होतो. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही करू नये.

कोकण किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या तलावात तोच आकडा जिवावर उठतो. खाद्य आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो. चाचणीच्या संचावर दिसते ती अमोनिया आणि अमोनियम यांची बेरीज, आणि कोळंबीला मारतो तो मुख्यतः मोकळा अमोनिया. साध्या पाण्यात २५ अंशांना सामू ७ असेल तर बेरजेतला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग मोकळा असतो, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर, ९ असेल तर छत्तीस टक्के. खाऱ्या पाण्यात आकडे थोडे बदलतात, चढण तीच राहते. आता दिवसभराचे चक्र पाहा. पहाटे पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, सामू उतरलेला असतो. ऊन चढते तसे हिरवे शेवाळ तो वायू वापरते, आणि दुपारी सामू शिखरावर जातो. सकाळी निर्धोक असलेली बेरीज दुपारी विषारी ठरते. अशा वेळी तलावात चुना टाकणे म्हणजे सर्दीच्या बाटलीतली क्रिया अख्ख्या तलावात घडवणे. दुपारचा सामू पाहिल्याशिवाय चुन्याच्या गोणीला हात लावू नये.

शेतात युरिया टाकला की मातीतले युरिएज विकर त्याचा अमोनिया करते आणि दाण्याभोवतीचा सामू चढतो. मराठवाड्या-विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू मुळातच ८ च्या आसपास, त्यामुळे वर पसरलेला युरिया उन्हात अमोनिया होऊन उडत राहतो. मातीआड केला किंवा लगेच पाणी दिले की तो खाली जातो, अमोनियम होतो आणि चिकणमातीचे ऋण प्रभारित कण त्याला धरून ठेवतात. पुढे जीवाणू त्या अमोनियमचे नायट्रेट करतात. या पायरीला प्रत्येक अमोनियममागे दोन प्रोटॉन सुटतात. ज्या युरियाने सुरुवातीला दाण्याभोवती अल्कधर्म वाढवला, तोच काही आठवड्यांत जमिनीला आम्ल देतो. काळ्या जमिनीतली चुनखडी ते पचवते. कोकणातल्या जांभ्या जमिनीत चुनखडी नाही आणि सामू आधीच ७ च्या खाली आहे, तिथे वर्षानुवर्षे नुसते अमोनियमयुक्त खत ओतणे परवडत नाही.

भाताच्या खाचरात कोळंबीच्या तलावाचीच गोष्ट घडते. उथळ साचलेल्या पाण्यात शेवाळ वाढते, दुपारी सामू ९ पर्यंत जाऊ शकतो आणि वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया वाऱ्यावर जातो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतले चौथे सूत्र यावर नेमके बोट ठेवते. लावणी अशी करायची की चार चुडांचा चौकोन पडेल आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर युरिया-डीएपीची एक गोळी हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. तिथे ऊन पोहोचत नाही, शेवाळ नसते, सामू चढत नाही. ऑक्सिजनही नसल्यामुळे जीवाणूंना नायट्रेट करता येत नाही. अमोनियम चिखलाला धरून बसतो आणि चारी चुडांची मुळे तो लागेल तसा घेतात. मुळाने अमोनियमचा धन प्रभार आत घेतला की ते एक प्रोटॉन बाहेर सोडते.